प्रिंटरच्या मानकात रंग आणि प्रतिमा यांची किमान अट कुठे ठेवावी?

प्रश्न असा आहे: घरगुती आणि कार्यालयीन प्रिंटरांसाठी एक सामाईक मानक लिहिले जात आहे. कोणत्याही फोनला किंवा संगणकाला वेगळा ड्रायव्हर न घेता त्या मानकाच्या प्रिंटरवर छापता यावे, हा त्याचा उद्देश आहे. अशा मानकात रंगाची आणि प्रतिमांची किमान अट कुठवर ठेवावी? सर्वांत स्वस्त कृष्णधवल लेझर प्रिंटरवरही रंगीत प्रतिमा स्वीकारण्याची सक्ती असावी का? आणि जेपीईजी, पीडीएफ, रास्टर (पान ठिपक्याठिपक्यांनी पाठवण्याचे स्वरूप) यांपैकी नेमके काय अनिवार्य करावे?

प्रिंटरच्या फर्मवेअरवर आणि त्याच्या मानक-चाचण्यांवर मी अनेक वर्षे काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. किमान अट ही प्रिंटर बनवणाऱ्यावर लादलेले ओझे म्हणून वाचली जाते, पण ती लिहिली जाते कागद पाठवणाऱ्यासाठी. समोर कोणत्या कंपनीचे कोणते यंत्र आहे हे फोनमधल्या प्रोग्रॅमला ठाऊक नसते. ते ठाऊक नसतानाही त्याने अमुक स्वरूपात पान पाठवले तर ते नक्की छापले जाईल, ही खात्री म्हणजे किमान अट. म्हणून अट लिहिताना ‘यंत्रातून काय बाहेर पडते’ आणि ‘यंत्र आत काय घेते’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. बाहेर काय पडणार हे शाई, टोनर आणि किंमत ठरवते, आणि त्यात मानकाने फारसे पडू नये. आत काय घेतले जाईल, हे मात्र मानकाने अक्षरशः बाइट मोजून सांगितले पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या मसुद्यांत हे दोन प्रश्न एकाच वाक्यात मिसळलेले होते: ‘प्रिंटरला रंगीत प्रतिमा हाताळता आल्या पाहिजेत’. या वाक्याचा अर्थ तीन अभियंते तीन प्रकारे लावतात, आणि तिघांचीही यंत्रे अटीत बसतात.

हा वाद नवा नाही. इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्यासाठी १९९८ मध्ये आरएफसी २३०१ या, इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेतल्या दस्तऐवजाने टिफ या प्रतिमा-फाईलचे काही ठरावीक साचे घालून दिले. त्यांतला सर्वांत खालचा साचा कृष्णधवल होता, एका पिक्सेलला एक बिट आणि माहिती दाबून लहान करण्याची एकच जुनी पद्धत. तो सर्वांना बंधनकारक होता, आणि घेणाऱ्या यंत्राची क्षमता पाठवणाऱ्याला माहीत नसेल तर याच साच्यात पाठवावे इतका तो स्पष्ट होता. वरच्या पायरीवर रंगीत साचा होता. त्यातला रंग लॅब या रंगप्रणालीत, डी५० या प्रकाशमानाच्या संदर्भाने लिहायचा होता. शास्त्र म्हणून ती निवड निर्दोष होती, कारण लॅबमधला आकडा यंत्रावर अवलंबून नसतो. अडचण अशी की सामान्य माणसाच्या संगणकातली चित्रे लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांत साठवलेली होती, आणि लॅबमधली जेपीईजी उघडणारे प्रोग्रॅम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रंगीत फॅक्स रूढ झाला नाही, याची कारणे अनेक आहेत. पण पाठवणाऱ्याकडे आधीपासून असलेली वस्तू न स्वीकारता त्याला नवी वस्तू तयार करायला लावली, हे त्यातले एक कारण मी निश्चित मानतो.

दुसरा प्रयत्न एक्सएचटीएमएल-प्रिंटचा, म्हणजे वेब पानांच्या भाषेच्या छपाईसाठी आटोपशीर केलेल्या रूपाचा. प्रिंटर वर्किंग ग्रुप (पीडब्ल्यूजी) या छपाईची मानके लिहिणाऱ्या गटात त्याची सुरुवात झाली, ब्ल्यूटूथच्या छपाईत त्याचा वापर झाला, आणि २००६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. कल्पना आकर्षक होती: फोनने साधा मजकूर आणि सोबत जेपीईजी चित्रे पाठवावीत, पानाची मांडणी प्रिंटरने करावी. पण पानाची मांडणी प्रिंटरने करायची म्हणजे अक्षरेही प्रिंटरच्याच फॉण्टमधून यायची. ज्या प्रिंटरमध्ये देवनागरीचा फॉण्ट नाही, किंवा फॉण्ट आहे पण जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसवणारी यंत्रणा नाही, त्यावर मराठी मजकुराचे काय होणार हे सांगायला नको. ‘प्रतिमांची किमान अट’ हा विषय छायाचित्रांपुरता आहे असे वाटते, पण आपल्यासारख्या लिपीच्या लोकांसाठी तो मजकुराचाही विषय आहे. पान पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच पूर्ण रंगवून, पिक्सेलांच्या रूपात प्रिंटरला दिले, तर प्रिंटरला देवनागरी येते की नाही हा प्रश्नच उरत नाही. तो फक्त ठिपके छापतो.

म्हणून प्रिंटर वर्किंग ग्रुपने पुढे घेतलेला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये त्यांनी पीडब्ल्यूजी रास्टर हे स्वरूप प्रसिद्ध केले आणि २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक आणले (आयपीपी म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, प्रिंटरशी नेटवर्कवरून बोलण्याची भाषा). त्यात पीडब्ल्यूजी रास्टर प्रत्येक प्रिंटरला अनिवार्य आहे, जेपीईजी रंगीत प्रिंटरला अनिवार्य आहे, आणि पीडीएफची शिफारस आहे. ॲपलने नोव्हेंबर २०१० मध्ये आयओएस ४.२ बरोबर एअरप्रिंट आणले, तेव्हा त्यांनीही याच धर्तीचे आपले एक रास्टर स्वरूप वापरले. दोन्हीकडे रास्टरच पायाशी ठेवले गेले, यावरून त्या निवडीत काही तथ्य आहे हे कळते. आपल्या मानकातही मी तेच सुचवेन: पायाशी एक असे स्वरूप ठेवावे, ज्याचा अर्थ लावण्यासाठी प्रिंटरला काहीही समजावे लागत नाही.

रास्टरवर पहिला आक्षेप आकाराचा येतो, आणि तो आकड्यांनीच तपासावा. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेलांचे असते. पिक्सेलला एक बिट धरला तर ते सुमारे १.१ एमबी होते, करड्या छटांचे ८ बिट धरले तर ८.७ एमबी, आणि रंगीत २४ बिट धरले तर २६ एमबी. रिझोल्यूशन ६०० डीपीआय केले की हाच शेवटचा आकडा १०४ एमबीवर जातो. स्वस्त प्रिंटरच्या मेमरीकडे पाहता हा आकडा घाबरवणारा आहे. पण संपूर्ण पान एका वेळी मेमरीत ठेवायचे असेल तरच. पीडब्ल्यूजी रास्टरमध्ये पान वरून खाली, ओळीमागून ओळ येते, आणि दाबण्याची पद्धत मुद्दाम साधी ठेवली आहे: एकसारख्या ओळी २५६ पर्यंत एकदाच लिहायच्या आणि ओळीतले एकसारखे पिक्सेल १२८ पर्यंत एकाच नोंदीत गुंडाळायचे. या हिशेबाने ३०० डीपीआयचे कोरे रंगीत पान, १,७९६ बाइटांचे पानशीर्ष सोडून, जेमतेम १,१०० बाइटांत मावते. मजकुराच्या पानात पांढरी जागाच जास्त असते, त्यामुळे तेही लहान राहते. इंकजेटला पुढच्या पट्ट्यापुरत्या ओळी हातात असल्या तरी छपाई सुरू करता येते. लेझरचे ड्रम मध्येच थांबवता येत नाही, म्हणून त्याला जास्त साठा लागतो, पण तो आतल्या आत एक-बिटी करून ठेवता येतो. किमान अट ठरवणाऱ्याने हा हिशेब मसुद्याच्या परिशिष्टात लिहून ठेवावा, कारण ‘आमच्या यंत्रात मेमरी नाही’ हा युक्तिवाद बैठकीत हटकून येतो आणि आकडे समोर नसले की तो खराच वाटतो.

आता रंगाकडे वळू. किमान अटीत रंगप्रणाली एकच असावी, आणि ती ८ बिटी एसआरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांची प्रमाणित प्रणाली, असावी. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ती मांडली, १९९९ मध्ये ती आयईसी ६१९६६-२-१ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि पांढरा कोणता, तीन मूळ रंग कोणते, आकडा आणि प्रकाश यांचे नाते कोणते, हे सगळे तिच्यात पक्के ठरलेले आहे. तिची रंगकक्षा लहान आहे, ही तक्रार खरी आहे. चांगल्या इंकजेटला छापता येणारे काही निळे-हिरवे रंग तिच्यात मावत नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांच्यासाठी अडोबी आरजीबी आणि १६ बिटी रंग ऐच्छिक ठेवावेत. किमान अटीत मात्र दुसरी प्रणाली घुसवू नये, कारण पर्याय दोन झाले की पाठवणाऱ्याला विचारपूस करावी लागते, आणि विचारपूस करावी लागली की ती अट किमान राहिली नाही.

छापखान्यातून आलेले सहकारी इथे सीएमवायकेचा, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांच्या आकड्यांचा, आग्रह धरतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच असतात. ऑफसेटवर चार प्लेटा असतात, शाई ठरलेली असते, कागद हातात असतो आणि यंत्रावरचा माणूस अनुभवी असतो. पण सीएमवायकेचे आकडे म्हणजे रंग नव्हे. कोणती शाई किती द्यायची याची ती सूचना आहे. ७० टक्के मॅजेंटा एका टोनरवर एक दिसतो आणि दुसऱ्या कंपनीच्या शाईवर दुसरा. कोणत्या यंत्राकडे जाणार हे माहीत नसलेल्या पानावर यंत्राची सूचना लिहिण्यात अर्थ नाही. त्या पानावर डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे वर्णन असावे आणि ते शाईत उतरवण्याचे काम ज्याला आपली शाई ठाऊक आहे त्या प्रिंटरने करावे.

याला जोडून एक अट मात्र मी आवर्जून घालेन. एसआरजीबीत लाल, हिरवा आणि निळा तिन्ही शून्य असलेला पिक्सेल म्हणजे शुद्ध काळा. काही प्रिंटर तो पिवळा, मॅजेंटा आणि सायन यांच्या मिश्रणातून छापतात. तिन्ही रंग केसभर जरी सरकले तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येते, आणि देवनागरीत ती सर्वांत आधी शिरोरेषेवर दिसते, कारण शिरोरेषा ही शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी आडवी बारीक रेघ आहे. छायाचित्रातला काळा मिश्र असायला हरकत नाही, उलट तो अधिक गडद दिसतो. तेव्हा ‘मजकुराचे पान म्हणून पाठवलेल्या पानावर शून्य-शून्य-शून्य हा पिक्सेल फक्त काळ्या शाईने छापावा’ असे शिफारशीच्या पातळीवर लिहावे. पान मजकुराचे आहे की छायाचित्राचे, हे सांगण्याची सोय इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलमध्ये ‘प्रिंट-कंटेंट-ऑप्टिमाइझ’ या गुणधर्माने आधीपासून आहे.

कृष्णधवल प्रिंटरचा प्रश्न आपण नेमका विचारला आहे, आणि त्याचे उत्तर रास्टरसाठी एक आणि जेपीईजीसाठी दुसरे असे द्यावे लागते. रास्टर पाठवणारा पिक्सेल स्वतः तयार करत असतो. प्रिंटरने ‘मला करड्या छटाच कळतात’ असे आधी जाहीर केले तर त्याला करडे पिक्सेल बनवायला काहीच वेगळे कष्ट नाहीत, आणि वायरवरून जाणारा डेटा एक तृतीयांश होतो. म्हणून रास्टरमध्ये कृष्णधवल प्रिंटरवर एसआरजीबीची सक्ती नसली तरी चालेल. जेपीईजीचे तसे नाही. ते छायाचित्र कधीच तयार झालेले असते. फोनमध्ये पडून असते, आणि ते रंगीत असते. ते उलगडून, करडे करून, पुन्हा दाबून पाठवा असे म्हणणे म्हणजे काम नको त्या ठिकाणी ढकलणे. आयपीपी एव्हरीव्हेअरने जेपीईजीची सक्ती रंगीत प्रिंटरपुरतीच ठेवली. माझ्या मते ती सर्वांवर असायला हवी होती. खर्चाचे कारण इथे टिकत नाही, कारण साध्या जेपीईजीत रंग मुळातच उजेड आणि दोन रंगफरक अशा तीन भागांत वेगळे करून ठेवलेले असतात. कृष्णधवल प्रिंटरला फक्त उजेडाचा भाग उलगडायचा असतो. उरलेल्या दोन भागांचे बिट वाचून सोडून द्यायचे, त्यांचे गणितही करावे लागत नाही. रंगीत प्रिंटरपेक्षा त्याचे काम हलके आहे.

करडा रंग कसा काढायचा हेही मसुद्यात सूत्रासह लिहावे, कारण इथे दोन रूढ सूत्रे आहेत आणि ती वेगळी उत्तरे देतात. जेपीईजीतला उजेडाचा भाग लाल ०.२९९, हिरवा ०.५८७ आणि निळा ०.११४ या वजनांनी, साठवलेल्या आकड्यांवर थेट काढलेला असतो. एसआरजीबीच्या प्रकाशगणिताप्रमाणे आधी आकडे प्रत्यक्ष प्रकाशात बदलून, मग ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ ही वजने लावायची असतात. एक उदाहरण घेऊ. तक्त्यातला एक स्तंभ पूर्ण लाल आहे, म्हणजे २५५-०-०, आणि शेजारचा वेब पानांवरचा नेहमीचा हिरवा, ०-१२८-०. पहिल्या सूत्राने दोघांची करडी किंमत ७६ आणि ७५ येते. कागदावर दोन्ही स्तंभ एकच दिसतात. दुसऱ्या सूत्राने त्या सुमारे १२७ आणि ११० येतात आणि फरक निदान ओळखू येतो. दुसरे सूत्र अधिक शास्त्रशुद्ध आहे, तरी मी किमान अटीत पहिलेच ठेवेन. जेपीईजीमधून ते फुकट मिळते, आणि सर्व प्रिंटर सारखेच वागले तर तक्ता बनवणारा प्रोग्रॅम त्यानुसार रंगांच्या जोडीला ठिपक्यांची किंवा रेघांची भरण देऊ शकतो. एक प्रिंटर फरक दाखवतो आणि दुसरा दाखवत नाही, ही स्थिती सर्वांत वाईट, कारण चूक कोणाची हेच ठरत नाही.

करड्या छटांच्या बाबतीत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: कृष्णधवल प्रिंटरला एक बिट पुरेसा मानायचा की आठ बिटांची सक्ती करायची. एका बिटात पाठवायचे तर ठिपक्यांची जाळी, म्हणजे हाफटोन, पाठवणाऱ्याने बनवावी लागते. पण जाळी कशी बनवायची हे टोनरच्या कणावर आणि लेझरच्या ठिपक्यावर अवलंबून असते, आणि ते प्रिंटरलाच ठाऊक असते. फोनने बनवलेल्या जाळीत छायाचित्रावर पट्टे उमटतात किंवा गडद भाग बुजतो. मी आठ बिट अनिवार्य आणि एक बिट ऐच्छिक असे लिहीन. एक बिटाचा उपयोग लेबल, पावत्या, बारकोड अशा ठिकाणी आहे, जिथे मधली छटा नकोच असते. देवनागरी मजकुरालाही आठ बिटांचा फायदा होतो: ३०० डीपीआयला लहान अक्षरांचे उकार आणि मात्रा एक बिटात दातेरी होतात, तर कडेच्या पिक्सेलांना मधली छटा देता आली की ६०० डीपीआयच्या यंत्राला त्यांचा आकार अधिक नेमका काढता येतो.

आता जेपीईजी, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण ‘जेपीईजी स्वीकारावे’ या दोन शब्दांइतकी फसवी अट दुसरी नाही. जेपीईजीचे मूळ मानक १९९२ चे आहे आणि त्यात इतके पर्याय आहेत की ते सगळे कोणीच पाळत नाही. किमान अटीत निदान पुढच्या बाबी उघड सांगाव्यात. पहिली, बेसलाइन आणि प्रोग्रेसिव्ह या दोन्ही पद्धती हव्यात की एकच. बेसलाइन चित्र ८ किंवा १६ ओळींच्या पट्ट्यांनी उलगडत जाते. प्रोग्रेसिव्ह चित्र आधी पूर्ण पण अस्पष्ट येते आणि मग फेऱ्याफेऱ्यांनी स्पष्ट होते, त्यामुळे शेवटची फेरी येईपर्यंत सगळे गुणांक (ज्यांतून पिक्सेल काढले जातात ते आकडे) साठवून ठेवावे लागतात. फोनच्या १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४,००० गुणिले ३,००० च्या चित्रात रंगफरक निम्म्या रिझोल्यूशनने साठवलेले असले तर १ कोटी ८० लाख गुणांक होतात, आणि प्रत्येकाला दोन बाइट धरले तर ३६ एमबी. कॅमेऱ्यातून येणारी चित्रे बहुधा बेसलाइन असतात, वेबवरून उतरवलेल्यांत प्रोग्रेसिव्हही भरपूर असतात. वापरणाऱ्याला हा भेद दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की एक फोटो छापला आणि दुसरा नाही. म्हणून मी दोन्ही अनिवार्य करेन, पण प्रोग्रेसिव्हसाठी आकाराची वेगळी, कमी मर्यादा जाहीर करण्याची मुभा देईन.

मर्यादा जाहीर करणे ही दुसरी बाब. जेपीईजीच्या शीर्षात रुंदी आणि उंची यांना १६-१६ बिट आहेत, म्हणजे चित्र ६५,५३५ पिक्सेलांपर्यंत जाऊ शकते. एवढे चित्र कोणताही घरगुती प्रिंटर घेणार नाही, आणि त्याने घ्यावे अशी अपेक्षाही नाही. पण तो किती घेईल हे त्याने आधी सांगितले पाहिजे. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलच्या विस्तारात जेपीईजी फाईलचा कमाल आकार, कमाल रुंदी आणि कमाल उंची सांगणारे तीन गुणधर्म याचसाठी आहेत. आपल्या मानकाने ते अनिवार्य करावेतच, शिवाय त्यांच्या किमतींनाही खालची सीमा घालावी. नाहीतर एखादा उत्पादक कमाल रुंदी ६४० लिहून मोकळा होईल आणि कागदोपत्री तोही अटीत बसेल. आजच्या फोनांकडे पाहता १२ मेगापिक्सेलच्या आत ही सीमा ठेवू नये.

तिसरी बाब दिशेची. फोन उभा धरून काढलेल्या चित्राचे पिक्सेल फोन बहुधा फिरवत नाही. कोणती बाजू वर हे तो चित्रासोबत साठवलेल्या एक्झिफ नोंदीतल्या १ ते ८ पैकी एका आकड्याने सांगतो. प्रिंटरने ती नोंद पाळायची की पाठवणाऱ्याने चित्र फिरवून द्यायचे, हे मसुद्याने ठरवले नाही तर दोघेही फिरवतात किंवा कोणीच फिरवत नाही. माझे मत प्रिंटरने पाळावी असे आहे. चौथी बाब चित्र कागदावर बसवण्याची. रास्टर पान कागदाच्या मापाचेच येते. जेपीईजीला कागद माहीत नसतो. चार-तीन प्रमाणाचे चित्र ए-४ वर टाकले तर पूर्ण चित्र मावेल असे लहान करायचे आणि कडेला पांढरे सोडायचे, की कागद भरेल असे मोठे करून कडा कापायच्या? दोन्ही पर्याय अनिवार्य असावेत, आणि काही सांगितले नसेल तर कापणे कधीही निवडू नये, कारण फोटोच्या कडेला माणूस उभा असतो.

चित्रात रंगाची ओळखपत्रिका, म्हणजे आयसीसी प्रोफाइल, जोडलेली असू शकते. २०१६ पासूनच्या आयफोनांतली चित्रे डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगकक्षेत असतात. प्रिंटरने प्रोफाइल दुर्लक्षून ते आकडे एसआरजीबीचे समजले तर फुले, साड्या, देवघरातले कुंकू, सगळे एक पायरी फिके येते आणि कारण सापडत नाही. किमान अटीत प्रिंटरला प्रोफाइल वाचायला लावणे मला जास्तीचे वाटते. जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकावी: प्रोफाइल नसलेले चित्र एसआरजीबीच मानले जाईल, आणि प्रोफाइल असलेले चित्र वाचण्याची क्षमता प्रिंटरने जाहीर केली नसेल तर पाठवणाऱ्याने ते आधी एसआरजीबीत बदलावे. हाच नियम आयफोनवर २०१७ पासून वापरात असलेल्या एचईआयसी या चित्रस्वरूपालाही लावावा. नवे स्वरूप आले की ते प्रिंटरमध्ये घुसवायचे ही सवय लागली, तर दर तीन वर्षांनी जुनी यंत्रे मानकाबाहेर जातील. फोन अद्ययावत होत राहतो. प्रिंटर दहा वर्षे कोपऱ्यात तसाच उभा असतो.

पीडीएफबद्दल थोडक्यात सांगतो. ते शिफारशीतच ठेवावे. २००८ पासून ते आयएसओ ३२००० या नावाने खुले मानक आहे, कार्यालयातले बहुतेक कागद त्यातच असतात, आणि ते थेट घेणारा प्रिंटर सोयीचा असतो. पण पारदर्शक थर, अंतर्भूत फॉण्ट, एकात एक गुंफलेली चित्रे यांमुळे एखाद्या पानाला किती मेमरी लागेल हे पान उलगडेपर्यंत कळत नाही. ज्याची वरची मर्यादा सांगता येत नाही ते किमान अटीत घालू नये.

दोन्ही बाजूंना छापणाऱ्या यंत्रासाठी एक लहानशी पण हटकून विसरली जाणारी अट आहे. कागद उलटताना काही यंत्रांत मागची बाजू डोके खाली करून येते. रास्टर पाठवणाऱ्याने मागचे पान आधीच फिरवून द्यायचे की तसेच, हे प्रिंटरने जाहीर करणे अनिवार्य असावे. पीडब्ल्यूजी रास्टरमध्ये त्यासाठी स्वतंत्र गुणधर्म आहे आणि तो तसाच उचलावा.

शब्दयोजनेत ‘अनिवार्य’, ‘शिफारस’ आणि ‘ऐच्छिक’ हे तीन शब्द १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ठरलेल्या अर्थांनी वापरावेत, आणि प्रत्येक ‘अनिवार्य’ समोर त्याची चाचणी लिहावी. चाचणी लिहिता येत नसेल तर ते वाक्य अट नसून इच्छा आहे, आणि ते प्रस्तावनेत हलवावे. ‘रंग अचूक असावेत’ हे अशांपैकी एक. रंगातल्या चुकीची संख्यात्मक मर्यादा घालण्याचा मोह होतो, पण कागद बदलला की तो आकडा बदलतो, मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, आणि लहान उत्पादक त्या खर्चाने मागे हटतात. त्याऐवजी डोळ्यांनी तपासता येतील अशी वागणूक तपासावी: लाल पट्टा लाल आहे, निळ्याच्या जागी जांभळा आलेला नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची शिडी मध्ये कुठे उलटत नाही. आयपीपी एव्हरीव्हेअरच्या स्वप्रमाणनात प्रिंटर शोधणे, प्रोटोकॉल आणि प्रत्यक्ष दस्तऐवज अशा तीन वेगळ्या चाचण्या आहेत. आपणही दस्तऐवजाची चाचणी वेगळीच ठेवावी, कारण पहिल्या दोन चाचण्या संगणक आपोआप करतो आणि तिसरीसाठी माणसाला कागद हातात घ्यावा लागतो.

त्या दस्तऐवज-चाचणीत एक पान देवनागरीचे असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यावर ८ पॉइंटांचा मजकूर तीन वेळा घ्यावा: शुद्ध काळ्यात, मध्यम करड्यात आणि गडद निळ्यात. ‘र्‍य’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘ह्म’ ही जोडाक्षरे आणि ‘कुं’, ‘र्कीं’ अशी वरखाली चिन्हे लागणारी अक्षरे त्यात असावीत. तेच पान एकदा रास्टर म्हणून आणि एकदा जेपीईजी म्हणून छापावे. जेपीईजीत शिरोरेषेच्या खालीवर करड्या धुरासारखे डाग दिसतील. तो प्रिंटरचा दोष नाही, जेपीईजी तीक्ष्ण कडांसाठी बनलेलेच नाही, आणि चाचणीच्या कागदावर तसे नमूद करावे, म्हणजे परीक्षक त्यासाठी यंत्र नापास करणार नाही. रास्टरच्या पानावर मात्र तसा डाग दिसला, शिरोरेषा मध्येच तुटली, किंवा काळ्या ओळीला रंगीत कडा आली, तर ते यंत्र परत पाठवावे.